सिरॅमिक टाइल : माती, झिलई आणि अग्नी

जनगणनेचा प्रगणक घरोघरी जातो, तेव्हा कुटुंबातील माणसांबरोबरच तो घराचीही काही माहिती टिपून घेतो. छप्पर कशाचे, भिंती कशाच्या आणि जमीन कशाची, हे त्यांतील तीन प्रश्न. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ५७ टक्के कुटुंबांच्या घराची जमीन मातीची होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास आले. याच दशकात ‘मोझाइक अथवा फरशी टाइल’ या रकान्यात मोडणारी कुटुंबे सुमारे ७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. दारिद्र्याविषयीची आपली चर्चा बहुधा उत्पन्नाच्या आकड्यांभोवती फिरते. सारवायची जमीन जाऊन धुता येणारी जमीन येणे हा गृहिणीच्या दृष्टीने फार मोठा बदल. तो मात्र त्या आकड्यांत सहसा दिसत नाही.

जनगणनेच्या या एकाच रकान्यात दोन अगदी भिन्न वस्तू एकत्र आल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतील रंगीत नक्षीदार लादी किंवा तमिळनाडूतील चेट्टिनाड भागातील प्रसिद्ध आत्तंगुडी टाइल ही सिमेंटची असते. रंगीत सिमेंट साच्यात घालायचे, दाबायचे आणि पाण्यात मुरवून कठीण करायचे, अशी तिची कृती. मुंबईत १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेतून सुरू झालेला भारत टाइल्सचा कारखाना याच प्रकारच्या लादीसाठी नावाजला. ही लादी भट्टीचे तोंड कधीच पाहत नाही. सिरॅमिक टाइल मात्र भाजलेल्या मातीची असते. दोघींच्या नक्षीत साम्य असले, तरी एकीला कठीण करते पाणी आणि दुसरीला अग्नी. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी, भट्टीतून तावून निघालेली टाइल आहे.

भट्टीत काय घडते?

टाइलच्या मिश्रणात प्रामुख्याने तीन घटक असतात. चिकणमाती आकार देते. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीची पूड सांगाड्याचे काम करते. फेल्डस्पार हे खनिज तापमान वाढल्यावर वितळून बाकीच्या कणांना सांधते. आपल्या देशात बिकानेरची चिकणमाती आणि राजस्थानातील फेल्डस्पार यांना या उद्योगात मोठी मागणी आहे.

भट्टी तापू लागली की प्रथम ओलावा निघून जातो. सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या स्फटिकांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणीही बाहेर पडते. येथून परतीची वाट बंद होते. ही माती पुन्हा कालवून तिचा चिखल करता येत नाही. ५७३ अंशांवर क्वार्ट्झची स्फटिकरचना एकाएकी बदलते आणि त्याचे आकारमान वाढते. थंड होताना त्याच टप्प्यावर ते पुन्हा आकसते. भट्टी घाईने निववली तर टाइल नेमकी येथे तडकते. जुन्या काळचे कारागीर भट्टी विझल्यावर कित्येक दिवस तिचे तोंड उघडत नसत, त्याचे कारण हेच. आकडा त्यांना ठाऊक नव्हता, पण सबुरी ठाऊक होती. हजार अंशांच्या पुढे फेल्डस्पार वितळून काचेसारखा द्रव होतो, कणांमधील पोकळ्या भरतो आणि मातीतून म्युलाइट नावाचे बळकट स्फटिक तयार होतात.

पोकळ्या किती भरल्या, यावरून टाइलचा प्रकार ठरतो आणि तो मोजण्याचे माप म्हणजे जलशोषण. आयएसओ १३००६ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषणारी टाइल पोर्सेलिन गटात येते. आपल्याकडील बाजारात तिलाच सर्वसाधारणपणे ‘व्हिट्रिफाइड’ म्हणतात. दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषणारी टाइल केवळ भिंतीच्या कामाची. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५६२२ हे मानकही जलशोषणाच्याच आधारे गट पाडते. स्नानगृहाच्या भिंतीची स्वस्त टाइल अंगणात बसवली की ती वर्षा-दोन वर्षांत खराब होते आणि दोष गवंड्याला दिला जातो. वस्तुतः चूक निवडीची असते.

निळ्या रंगाचे रहस्य

भाजलेल्या मातीवर जी काचेची पातळ साय चढवतात तिला झिलई म्हणतात. टाइलच्या सौंदर्याचा जवळजवळ सगळा इतिहास हा झिलईचा इतिहास आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे राजा जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखालील दालनांत निळसर हिरव्या टाइल बसवलेल्या आहेत. त्यांचा काळ इ.स.पू. २६५० च्या सुमाराचा. बाबिलोनच्या नेबुखद्नेझर राजाने इ.स.पू. सहाव्या शतकात उभारलेले इश्तार द्वार निळ्या झिलईच्या विटांचे होते. पुढे इराण, मध्य आशिया, तुर्कस्तान, पोर्तुगाल आणि हॉलंड असा प्रवास करतानाही टाइलचा निळा रंग सुटला नाही. साडेचार हजार वर्षे इतक्या भिन्न संस्कृतींची आवड एकच कशी राहिली?

उत्तर आवडीत कमी आणि रसायनशास्त्रात अधिक आहे. वनस्पतींपासून व प्राण्यांपासून मिळणारे रंग भट्टीच्या उष्णतेत जळून जातात. टिकतात ती काही धातूंची संयुगे. अल्कलीयुक्त झिलईत तांबे फिरोजी छटा देते. तेच तांबे शिशाच्या झिलईत हिरवे होते. कोबाल्ट गडद निळा देतो, मँगनीज जांभळा. कथलाची भुकटी मिसळली की झिलई दुधासारखी पांढरी व अपारदर्शक होते आणि खालच्या मातीचा तांबूस रंग झाकला जातो. या सर्वांत कोबाल्ट सर्वांत भरवशाचा. भट्टीचे तापमान थोडे वरखाली झाले तरी तो दगा देत नाही. लाल रंग मात्र हट्टी. तुर्कस्तानातील इझनिक येथील कारागिरांना सोळाव्या शतकाच्या मध्यास लोहयुक्त मातीपासून झळझळीत लाल रंग साधला. इस्तंबूलच्या रुस्तुम पाशा मशिदीत तो आजही पाहता येतो. पण काही दशकांनी त्याची झळाळी ओसरत गेली. कलावंताला जे दिसते तेच टाइलवर उतरते असे नाही. अग्नी जे राहू देतो ते उतरते.

इराणमधील काशान हे शहर टाइलसाठी इतके प्रसिद्ध झाले की या कामालाच ‘काशी’ काम म्हणू लागले. काशानच्याच एका कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ मध्ये या विद्येवर प्रबंध लिहून ठेवला आहे. आपल्या वाराणसीशी या शब्दाचा संबंध नाही. असाच गैरसमज पोर्तुगीज ‘अझुलेजो’ या शब्दाबाबत आढळतो. पोर्तुगीज भाषेत निळ्याला ‘अझुल’ म्हणतात, म्हणून अझुलेजो म्हणजे निळी टाइल असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात तो शब्द घोटीव लहान तुकडा या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे.

आकारांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. एकाच प्रकारच्या समभुज बहुकोनाने फट न ठेवता जमीन भरायची असेल, तर त्रिकोण, चौकोन आणि षटकोन हे तीनच आकार चालतात. कारण एका बिंदूपाशी मिळणाऱ्या कोनांची बेरीज ३६० अंश व्हावी लागते. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन पंचकोन ठेवले तर फट राहते आणि चौथा मावत नाही. या मर्यादेतून सुटण्यासाठी इराणी कारागिरांनी अष्टकोनी तारा आणि क्रूस असे दोन आकार एकमेकांत गुंफले.

भारताची स्वतःची वाट

राजस्थानातील कालीबंगन या हडप्पाकालीन स्थळी एका घरात परस्परांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी असलेली भाजक्या मातीची फरशी सापडली आहे. काश्मीरमधील हारवान येथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील बौद्ध स्थळाचे अंगण ठसे उमटवलेल्या टाइलचे होते. त्या टाइलवर खरोष्ठी अंक कोरलेले आहेत. जोडणी चुकू नये म्हणून कारागिरांनी घातलेले ते क्रमांक असावेत असे मानले जाते. या दोन्ही ठिकाणी झिलई नाही. नक्षी आहे ती मातीच्या उठावाची.

झिलईच्या टाइलने आपल्याकडे वास्तूचे रूप पालटले ते पंधराव्या शतकात. बीदर येथे बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावर थेट इराणी पद्धतीचे टाइलकाम होते. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात या इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावरील निळे-पांढरे तुकडे आजही लक्ष वेधून घेतात. ग्वाल्हेरच्या मानमंदिर राजवाड्याने मात्र वेगळी वाट धरली. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६ ते १५१६) याने बांधलेल्या या वाड्याच्या भिंतींवर हत्ती, मगरी, हंसांच्या रांगा आणि केळीची झाडे निळ्या-हिरव्या-पिवळ्या टाइलमध्ये साकारली आहेत. १५२८ मध्ये बाबराने हा वाडा पाहिला आणि त्यातील टाइलच्या केळींची नोंद आपल्या आत्मचरित्रात केली. तंत्र दूरवरून आलेले, विषय मात्र इथल्या पाणवठ्यावरचे. बीदर आणि ग्वाल्हेर या दोन वास्तू एकमेकींशेजारी ठेवून अभ्यासल्या, तर सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होते.

मोगल काळात लाहोर किल्ल्याची चित्रभिंत आणि आग्र्याचा ‘चिनी का रौझा’ ही या कामाची शिखरे. शाहजहानचा वजीर अफजलखान शिराझी याची ही आग्र्यातील कबर यमुनेच्या काठी आहे. तिच्यावरील बरीच टाइल गळून पडली आहे. भाजलेला भाग आणि झिलई उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावल्या नाहीत, तर झिलईला केसासारख्या चिरा पडतात. त्यांतून पाणी व क्षार आत शिरतात आणि हळूहळू झिलईचा पापुद्रा सुटतो. जुन्या टाइलचे जतन अवघड असते ते यामुळे.

जयपूरच्या ‘ब्लू पॉटरी’चाही येथे उल्लेख केला पाहिजे. तिच्या मिश्रणात नेहमीची कुंभारमाती जवळजवळ नसतेच; गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक असे ते मिश्रण. सक्काराच्या टाइलही अशाच गारगोटीच्या पुडीच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात सवाई रामसिंह दुसरे यांच्या आश्रयाने बहरलेली ही कला विसाव्या शतकात मरणपंथाला लागली होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे प्रोत्साहन आणि कृपालसिंह शेखावत यांची साधना यांमुळे ती वाचली. आज तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे.

गोव्याचा धागा निराळा. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात ल्युइस द कामोइंश या कवीच्या महाकाव्यातील प्रसंग निळ्या अझुलेजोंवर रंगवलेले आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे हे काम १९३५ चे.

हातकामाकडून यंत्राकडे

लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथेवर सांगितले की, २७ जुलै १७५६ रोजी त्यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल छापल्या. ताम्रपटावरील चित्र कागदावर आणि कागदावरून टाइलवर उतरवण्याची ही युक्ती होती. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर याने जवळजवळ कोरडी माती दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले आणि हर्बर्ट मिंटन याने ते टाइलसाठी वापरले. ओली माती सुकताना आकसते, वाकते; कोरडी पूड दाबली की माप चुकत नाही. मुंबईच्या अफगाण चर्चमधील फरशी इंग्लंडहून जहाजाने आली ती याच लाटेत. कच्चा माल येथून जावा आणि पक्का माल तेथून यावा, हे वसाहतकालीन अर्थकारण आपण कापसाच्या संदर्भात वाचतो. फरशीची कथा काही फार वेगळी नव्हती.

त्याच काळात मंगळूरला मात्र उलट घडले. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये नेत्रावतीच्या परिसरातील मातीपासून यंत्राने कौले काढण्यास प्रारंभ केला. कोकणात आजही ‘मंगलोरी कौल’ हाच शब्द रूढ आहे. या कौलाला झिलई नसते, तरी भाजक्या मातीच्या मोठ्या प्रमाणावरील भारतीय उत्पादनाचा पाया त्याने घातला. सौराष्ट्रातील मोरबी-वांकानेर भागानेही आरंभी अशीच कौले बनवली. स्लॅबची घरे वाढली, कौलांची मागणी घटली आणि येथील उद्योजक भिंतीच्या व नंतर जमिनीच्या टाइलकडे वळले. एक बाजारपेठ मावळताना हाती असलेले कौशल्य दुसरीकडे वळवण्याचे हे उदाहरण औद्योगिक समूहांच्या अभ्यासात आवर्जून पाहावे असे आहे.

आज भारत चीनच्या खालोखाल जगातील दुसऱ्या क्रमांकाचा टाइल उत्पादक आहे आणि देशातील उत्पादनाचा फार मोठा भाग एकट्या मोरबीतून येतो. शतकाच्या आरंभी चिनी व्हिट्रिफाइड टाइलवर भारताला प्रतिपाशन शुल्क लावावे लागले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये युरोपीय महासंघाने भारतीय टाइलवर तेच शुल्क लावले. वीस वर्षांत फिर्यादी आरोपी झाला!

मोरबीच्या कारखान्यात माती, गारगोटी आणि फेल्डस्पार पाण्यासह दळतात. तो काला उष्ण हवेत फवारून त्याची बारीक दाणेदार पूड करतात, प्रचंड दाबाखाली तिची पाटी घडवतात, झिलई देतात आणि फिरत्या रुळांच्या लांबलचक भट्टीतून पाठवतात. पूर्वी काही दिवस चालणारी भाजणी आता साधारण तासाभरात होते. छपाईत इंकजेट तंत्र आल्यापासून तर नक्षीवरील जवळजवळ सारी बंधने सुटली आहेत. २००० च्या सुमारास स्पेनमध्ये हे तंत्र उद्योगात आले आणि पुढच्या दशकात ते भारतात सर्वत्र पसरले. मुद्रणाची सुई टाइलला स्पर्शही करत नाही. शेजारशेजारच्या दोन टाइलवर दोन निराळी चित्रे उमटवता येतात.

या स्वातंत्र्याचा उपयोग काय केला गेला, हे पाहिले की थोडी निराशा वाटते. बाजारात संगमरवराची, लाकडाची, ग्रॅनाइटची नक्कल करणाऱ्या टाइल अधिक दिसतात. तीन-चार रंगांत मानमंदिराच्या कारागिरांनी हंसांची रांग उभी केली. आजचे यंत्र त्याहून कितीतरी अधिक छटा देऊ शकते, पण ते इटलीतील दगडाच्या शिरा काढत बसते. एका कारखान्याची चाललेली नक्षी लगेच दुसरीकडे उचलली जाते, हेही यामागचे एक कारण आहे. डिझाइन अधिनियम, २००० अन्वये नव्या नक्षीची नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र दर हंगामाला नक्षी बदलणाऱ्या लहान कारखानदाराला नोंदणीची ही वाट लांबची वाटते.

धूर आणि धूळ

झिलईदार पृष्ठभागावर डाग टिकत नाही. भट्टीच्या परिसराबद्दल असे म्हणता येत नाही. मोरबीतील अनेक कारखाने पूर्वी कोळशापासून वायू करणाऱ्या संयंत्रांवर चालत. हा वायू स्वस्त, पण त्यातून डांबर आणि फिनॉलयुक्त सांडपाणी निघते आणि ते मोकळ्या जागी, ओढ्यांत सोडले जाई. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ६ मार्च २०१९ रोजी मोरबी-वांकानेर भागातील अशी संयंत्रे बंद करण्याचा आदेश दिला. कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. हवा सुधारण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल होते, पण त्याने उत्पादनखर्च जागतिक वायूबाजाराशी बांधला गेला. युक्रेन युद्धानंतर वायूचे दर भडकले आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये मोरबीतील कारखान्यांनी जवळजवळ महिनाभर उत्पादन थांबवले. त्यानंतर अनेकांनी प्रोपेनचा पर्याय निवडला. पर्यावरणीय निर्णयाबरोबर इंधनाच्या किमतीचे नियोजन झाले नाही, तर त्याचा पहिला फटका रोजंदारीच्या मजुराला बसतो.

धुराहून घातक आहे ती न दिसणारी धूळ. गारगोटीच्या अतिसूक्ष्म कणांत स्फटिकरूप सिलिका असते. हे कण फुफ्फुसात खोलवर रुततात. शरीर त्यांना बाहेर टाकू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रणासारखी ऊती वाढते आणि फुफ्फुस कडक होत जाते. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयाचा धोका त्याने बळावतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस हा अधिसूचनीय रोग होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही तो आहे. अर्थात कायद्यातील नोंद आणि रुग्णालयातील नोंद यांत अंतर राहते. कंत्राटी मजुराजवळ कामाचा पुरावा नसतो आणि क्ष-किरण चित्रातील डाग क्षयाचे समजून औषधे सुरू होतात.

गुजरातमधील गोधरा परिसरात गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ व धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर कामाला जात. ही पूड काच व मृत्तिका उद्योगांचा कच्चा माल. गावी परतलेले तरुण एकामागून एक दगावले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे निर्देश गुजरात शासनाला दिले. मजूर एका राज्याचे, कारखाने दुसऱ्या राज्यात आणि मृत्यू पुन्हा पहिल्या राज्यात, अशी ही साखळी असल्याने जबाबदारी निश्चित होण्यास इतकी वर्षे गेली.

उपाय अज्ञात नाहीत. दळण ओले ठेवणे, पूड वाहणारे पट्टे झाकणे, दाबयंत्राशेजारी धूळ शोषून घेणारी व्यवस्था बसवणे आणि कामगारांची नियमित छाती-तपासणी करणे, ही सारी माहीत असलेली कामे आहेत. कोलकाता येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेची खुर्जा आणि नरोडा येथेही केंद्रे आहेत. लहान कारखान्यांना परवडेल असे तंत्र पोहोचवण्यासाठी या जाळ्याचा उपयोग होऊ शकतो.

ही धूळ कारखान्याच्या फाटकापाशी थांबतही नाही. व्हिट्रिफाइड टाइल इतकी कठीण असते की कोपऱ्यात बसवण्यासाठी ती यंत्राच्या चकतीनेच कापावी लागते. नव्या इमारतीच्या बंद खोलीत फरशीवाला कोरडीच टाइल कापतो, तेव्हा उडणाऱ्या पांढऱ्या धुरळ्यात तीच गारगोटी असते आणि त्याच्या तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवू शकत नाही. चकतीवर पाण्याची बारीक धार सोडली, तर बहुतेक धूळ जागीच बसते. त्यासाठी एक नळी आणि बादलीभर पाणी लागते, आणि कापायला थोडा अधिक वेळ.